डब्यावरचा खिमा

ईशा आणि निहार,

हे तुम्हा दोघांना मिळून लिहिते आहे. परवा ईशाचा मेसेज आला. कॉलेज सुरू झालं की होस्टेलमधल्या मैत्रिणींना ती टॅको करून घालणार आहे, सोयाच्या खिम्याचे, आपण पेणला केले होते तसेच, आणि मी तेवढं मसाल्याचं प्रमाण पाठवावं. खाली तीन हसरे चेहरे होते. वाचता वाचता माझ्या तोंडात पाणी जमलं. ते भुकेचं नव्हतं, उलटीच्या आधी जमतं ते होतं. प्रमाण दोन ओळींत मावलं असतं. पण मग तुमची कायमची अशी समजूत राहिली असती की त्या गुरुवारी आपण एक मजेदार पदार्थ केला आणि रोह्याची आजी बरं वाटत नाही म्हणून लवकर घरी गेली. तुम्हाला तेव्हा एवढंच सांगितलं होतं. ईशा पंधराची होती, निहार दहाचा. आता ईशा एकोणीसची आहे आणि स्वतःच्या हाताने दुसऱ्यांना जेवायला वाढणार आहे. आता सांगायला हवं.

शिवाय श्रावण लागला आहे आणि मला त्याचा वास येतो आहे.

लोकांना श्रावण हिरवा दिसतो. मला तो आधी नाकाने कळतो. कपाट उघडलं की साड्यांचा कुबट वास, उशीच्या अभ्र्यात ओल, चार दिवस न वाळलेली पायपुसणी. बरणीतलं मीठ पाणी सुटून गोळा झालेलं. दारातल्या गटाराच्या तोंडाशी अजून कोंबड्यांची पिसं अडकलेली आहेत, कारण श्रावण लागायच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या गावाने पुढच्या महिन्याचं खाऊन घेतलं. आता तेच गाव तोंड धुऊन सोवळं झालं आहे. पलीकडच्या गणपतीच्या कारखान्यातून ओल्या मातीचा आणि ताज्या रंगाचा वास येतो, तेवढाच एक मला आवडतो.

माझं नाक असं का आहे ते तुम्ही ऐकलेलं आहे, तरी परत सांगते, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा दोष आहे. मी सत्तावीस वर्षं रोह्याच्या एमआयडीसीत रंगांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलं. माझं काम शेड मॅच करण्याचं. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना शेजारी ठेवायचा आणि आपला रंग त्याच्या इतका जवळ न्यायचा की दोन्हींत फरक कोणाला दाखवता येऊ नये. ते मला चांगलं जमायचं. दुसरी गोष्ट तिथे शिकले ती लेबलाची. पहिल्याच दिवशी आमच्या साहेबांनी बजावलं होतं की बाटलीवर आत काय आहे ते लिहायचं, तिला लोक काय म्हणतात ते लिहायचं नाही. ती सवय घरी आली. माझ्या फडताळातल्या आणि फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी असते, नाव आणि वार लिहिलेली. तुमचे आजोबा म्हणत, दुपारी जरा जास्त वेळ झोपलो तर ही माझ्या कपाळावरसुद्धा चिकटवील.

रोह्याची आजी म्हणजे वासंती, माझी धाकटी जाऊ. आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. नदीच्या बाजूला तिचं दोन खोल्यांचं घर आहे. मी नोकरीत होते तेव्हा आम्ही सगळे रोह्यातच होतो, एका आळीत. वासंतीसारखं मासे खाणारं माणूस मी पाहिलेलं नाही. आम्ही सगळे खाणारेच, पण आम्ही जेवायचो आणि ती खायची. जिताड्याचं डोकं तिच्या ताटात पडलं की अर्धा तास तिच्याशी कोणी बोलायचं नाही. शेजारच्या रशिदाभाभीकडे ईदच्या दुसऱ्या दिवशी खिमा असायचा. आम्हा दोघींना आग्रहाचं बोलावणं असे आणि वासंती शेवटी पातेल्याला पाव लावून पुसून खायची. रशिदा हसून म्हणायची, वासंतीने जेवल्यावर आमचं पातेलं घासायला टाकावं लागत नाय. खिम्याचा मसाला मी तिच्याकडूनच शिकले. रशिदा आता मुलाकडे आखातात असते.

मग वासंतीचे यजमान, तुमचे भाईआजोबा, एका पावसाळ्यात छातीत दुखून पडले. दवाखान्याच्या जिन्यात उभ्या उभ्या वासंतीने मासळी आणि मटण सोडलं. कोणत्या देवापुढे, ते तिने कधी सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाली, सोडलं, ताई. भाई वाचले. नऊ वर्षं जगले आणि मग एका सकाळी झोपेतच गेले. तेराव्याच्या दिवशी घरातल्या मोठ्यांनी तिला सांगितलं की ज्याच्यासाठी सोडलं तो माणूस गेला, आता सुटलीस, खा. तिने मान हलवली आणि ताटातला वरणभात कालवला. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "दिलेलं परत मागतात का कुठं? त्याच्या बदल्यात मिळालेली नऊ वर्षं वापरली ना."

आमच्यासाठी श्रावण एक महिना असतो. तिचा तेव्हापासून बाराही महिने आहे. म्हणून इतर वेळी ती कोणाकडे जेवायला बसली की पळी कुठली, तेल कोणतं, तवा वेगळा आहे ना, असं हळूच विचारायची. फक्त श्रावणात माझ्या घरी नाही. दिव्यांच्या अमावास्येला मी मासळीची भांडी धुऊन, पुसून, पोत्यात बांधून माळ्यावर टाकते, खिम्याच्या मसाल्याचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर जातो, आणि मग महिनाभर वासंती माझ्या घरात निर्धास्त जेवते. न विचारता जेवायचं तिच्या आयुष्यातलं ते एकच घर आणि तो एकच महिना.

आता तुमचा तो श्रावण. तुम्ही परदेशातून चार आठवडे आला होतात आणि त्यातले तीन आठवडे पाऊस थांबला नव्हता. निहार खिडकीच्या गजाला नाक लावून बसायचा. ईशाने त्या वर्षी मांसाहार सोडलेला होता, प्राण्यांची दया म्हणून, आणि तिला वाटत होतं की श्रावणामुळे आपण सगळे एका पंगतीला आलो. मला तेव्हा ते गोड वाटलं. आजी, तुला श्रावणात चालेल असं आमच्याकडचं काहीतरी मी तुला करून घालते, असं ती म्हणाली. मुंबईहून येताना तिने मक्याच्या वाकवलेल्या पुऱ्यांचा डबा आणला होता. सोयाचा चुरा मात्र पेणच्याच दुकानात मिळाला. तुमचा हेतू चांगला होता हे मी आधीच लिहून ठेवते, कारण यापुढे मी चांगलं काही लिहिणार नाही.

सोयाचा चुरा गरम पाण्यात टाकला की त्याच्यावर फेस येतो. राखाडी, चिकट, नदीला पूर आल्यावर काठाला साचतो तसा. वास ओल्या गोणपाटाचा. चुरा फुगतो, प्रत्येक कण पाणी पिऊन मऊ होतो आणि हातात घेतला की कुठल्यातरी जनावराच्या आतलं काहीतरी धरल्यासारखं वाटतं. तो पिळायचा. बोटांच्या फटीतून कोमट, पिवळसर पाणी येतं. परत पाण्यात टाकायचा, परत पिळायचा. मी चार वेळा पिळला आणि चौथ्या वेळीही पाण्याला तोच वास होता. शिजल्यावर दाताखाली तो करकरत नाही की विरघळतही नाही. खोडरबरासारखा चेंगरतो आणि परत उभा राहतो. खाणाऱ्याला सतत वाटत राहतं की आपण काहीतरी गिळायचं विसरलो आहोत.

त्याच वेळी मागच्या दारी जनी आली होती. डोंगराकडच्या वाडीवरून ती गेली दहा वर्षं मला रानभाजी आणून देते. त्या दिवशी तिच्या पाटीत टाकळा होता आणि कंटोळी. चाळणीतला सोया बघून तिने विचारलं, ही कंची भाजी. मी सांगितलं, सोयाबीन, तेल काढून उरतं ते. तिने एक कण उचलून हुंगला आणि परत ठेवला.

"पेंड हाय ही, बाई. गाय काय घेतलीत का?"

ईशाला पेंड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. आता सांगते, जनीचं अगदी बरोबर होतं. तेलबियांतून तेल काढल्यावर जे उरतं त्याला पेंडच म्हणतात.

पहिल्यांदा चाखला तर बेचव होता. निहारने तोंड वाकडं केलं आणि ईशा हिरमुसली. इथे मी थांबायला हवं होतं. जनीची कंटोळी होती, वाल मोड येऊन तयार होते, बिरडं झालं असतं. पण ईशाने विचारलं की आजी, तू खरा खिमा करतेस तेव्हा त्यात काय घालतेस. आणि माझ्यातली ती प्रयोगशाळेतली बाई जागी झाली. नमुना डोळ्यांपुढे होता, रशिदाच्या पातेल्यातला. मला फक्त त्याच्याजवळ जायचं होतं.

मी स्टूल घेऊन वरच्या फळीवरचा डबा काढला. श्रावणात. कांदा काळपट होईपर्यंत परतला. सोयाला चरबीचा तुकतुकीतपणा नव्हता म्हणून तूप जास्त घातलं. रंग फिका होता म्हणून बीट किसून त्याचा रस टाकला. तो रस पातेल्याच्या कडेने वाहिला आणि निहार आनंदाने ओरडला की रक्त, रक्त. मला शिसारी यायला हवी होती. मी नुसतं एवढंच म्हटलं की शिजल्यावर तो तपकिरी होईल, आणि झाला. अजून धूर कमी होता. कोळसा पेटवून वाटीत ठेवला, त्यावर तूप सोडलं आणि झाकण घातलं. झाकण काढलं तेव्हा घरात जो वास पसरला तो ओळखायला माझ्यासारखं नाक लागत नव्हतं. मी डोळे मिटून हुंगला. रशिदाची आळी, ईदचा दुसरा दिवस. फरक कोणाला दाखवता आला नसता. मी खूश झाले. त्या दिवशीच्या सगळ्या किळसवाण्या गोष्टींत मला आज सर्वांत किळस कशाची येत असेल तर त्या खूश होण्याची.

ते बुधवारी संध्याकाळी केलं. डब्यात भरलं, फ्रिजमध्ये ठेवलं. पट्टी चिकटवली आणि लिहायला पेन उचललं. तुम्ही दोघं दुपारभर त्याला खिमा, खिमा म्हणत होतात. मी लिहिलं, 'खिमा, बुधवार'. सत्तावीस वर्षांत आणि नंतरच्या बारा वर्षांत मी चुकीचं लिहिलेलं ते एकच लेबल.

गुरुवारी वासंती आली. रोह्याहून सकाळच्या गाडीने ती दर श्रावणात गुरुवारी येते, रात्री राहते आणि शुक्रवारी जिवतीची पूजा करून तुम्हाला ओवाळते, म्हणजे तुम्ही असाल तर तुम्हाला आणि नसाल तर तुमच्या दिशेला. तुम्हाला आठवत असेल, ती आल्या आल्या निहारने तिला जेवायला काय आहे ते सांगितलं.

"ताको? ताकातलं हाय काय?" तिने विचारलं.

आपण सगळे हसलो. हसण्यात ते राहूनच गेलं. तिने पुढे विचारलं नाही, कारण श्रावण होता आणि घर माझं होतं. मी सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही.

मक्याच्या पुऱ्या हवेने दहा मिनिटांत नरम झाल्या होत्या. मी त्या तव्यावर परत कडक केल्या. वासंतीने एक हातात धरून उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, असा वाकडा पापड पेणच्या बायांनी लाटला असता तर त्यांना परत कोणी काम दिलं नसतं. ईशाने त्यात तो चुरा भरला, वर कोबी, टोमॅटो, चक्का. वासंतीने पहिला घास घेतला. पुरी मोडली, सगळं तिच्या मनगटावरून ओघळलं आणि तिने मनगट चाटलं. मग ती बोलेनाशी झाली. दुसरा खाल्ला. तिसरा तिने स्वतः भरून घेतला, कोबी न घालता. मी तिच्याकडे बघत होते. जिताड्याचं डोकं ताटात असताना तिचा चेहरा जसा असायचा तसा झाला होता, आणि मला, काय सांगू, अभिमान वाटत होता.

"ताई," ती बोटं चाटत म्हणाली, "ह्याला रशिदाच्या हाताचा वास हाय बघा."

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. मी नुसती हसले.

जेवण झालं. वासंती ताक करायला दही आणायला म्हणून फ्रिजकडे गेली. उरलेला डबा पुढेच होता. ती मराठी चौथीपर्यंत शिकली आहे, पण माझी पट्टी ती नेहमी वाचते, मोठ्याने, शाळेतल्यासारखी. त्या दिवशी तिचा आवाज आला नाही. मी आत गेले तर ती डबा हातात घेऊन उभी होती.

"खिमा," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं सोयाचा आहे तो, खोटा. तिने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती मला समजून घेत होती. तिला वाटलं, माझ्या हातून चूक झाली आणि आता मी तिला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगते आहे. मी धावत जाऊन सोयाचं पाकीट आणलं. त्यावरची अक्षरं तिला दाखवली.

"पाकिटावर कायपन लिवतात, ताई. तुमी कायपन लिवत नाय."

मग ती मागच्या मोरीत गेली. तुम्ही पुढच्या खोलीत पत्ते खेळत होतात. पाऊस कौलावर इतका जोरात होता की तुम्हाला ऐकू गेलं नसावं. मी तिची पाठ धरून उभी होते. तपकिरी, तांबूस, बिटाच्या रंगाचं सगळं बाहेर आलं आणि मोरीच्या पाण्यात पसरलं. त्यालासुद्धा मसाल्याचा वास येत होता. सत्तावीस वर्षांत मी कंपनीत पुष्कळ घाण वास घेतले, पण त्या वासासारखा दुसरा नाही. माझ्याच हाताने नेमका जमवलेला वास, दुसऱ्याच्या पोटातून परत आलेला.

तिला चूळ भरायला दिलं आणि ओट्यापाशी बसवलं. तिच्यासमोर नवीन मूठभर चुरा पाण्यात टाकला. फेस आला. पिळून तिच्या हातावर ठेवला. तिने हुंगला, चिमटीत दाबला, एक कण जिभेवर ठेवून थुंकला. मग तिने मान हलवली. पटलं होतं. मला वाटलं, सुटले. पण तिचा चेहरा अजून वाईट झाला.

"मग चव कुठनं आली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मी घातली.

तिने पिशवी भरली. शुक्रवारच्या पूजेचं मी विचारलं तर म्हणाली, उद्या माझ्या हाताने नको, पोरांचं काम आहे, हात कसला झालाय ते मला ठाऊक नाय. चारच्या गाडीने ती गेली. निहारने विचारलं, रोह्याची आजी का गेली, आणि मी सांगितलं, तिला बरं वाटत नाही. उरलेला डबा मी चिकूच्या बुंध्याशी पुरला. तिसऱ्या दिवशी पावसाने माती वाहून गेली आणि तो चुरा वर आला, पांढरी लव धरलेला.

शुक्रवारी तुम्हाला मी एकटीने ओवाळलं. तुम्ही सोमवारी गेलात.

विमानतळावरून परत आल्यावर मी एक दिवस झोपून काढला आणि मग रोह्याला गेले. गाडी रिकामी होती. नागोठणे गेलं, निडी गेलं, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पाण्याने भरलेली, आणि मी मनात माफीचा मसुदा करत होते, इंग्रजीत, कारण कंपनीत चुकीचा खुलासा नेहमी इंग्रजीत लिहायचा असे. वासंतीच्या घरी पोहोचेपर्यंत त्यातलं एक वाक्य मराठीत आलं नाही.

ती वाल सोलत बसली होती. मोड आलेले, कोमट पाण्यातले वाल, बोटाने दाबले की साल सुटते आणि डाळ टुणकन उडते. मी शेजारी बसले आणि सोलू लागले. ढीग अर्धा झाल्यावर मी म्हटलं, वासंती, ते मांस नव्हतं. तुझं काही मोडलेलं नाही.

"ते तुमी सांगू नका," ती म्हणाली. "ते मी बघीन."

तिने वालांची पुढची मूठ घेतली. मग तिनेच सुरुवात केली. ते झाडाचं होतं हे तिला मान्य होतं, सोयाबद्दल तिची तक्रार नव्हती.

"पन मी मटन दिलंच नव्हतं, ताई. मटन बाजारात टांगलेलं असतं, ते माझं कुठं होतं द्यायला? मी माझी आवड दिली होती. ती मला तुमच्या ताटात परत गावली. आनि मी ती घेतली. तीनदा घेतली."

मी विचारलं, मग मोडलं का.

तिने हातातला वाल सोलून घेतला. मग सांगितलं की गेली चार-पाच वर्षं तिला काही आठवतच नव्हतं. कोणी समोर बसून कोलंबी सोलली तरी तिला काही वाटायचं नाही. तिला वाटायचं आपण जिंकलो. आता त्या गुरुवारपासून रोज आठवतं. दुपारी डोळा लागला की तोंडात चव येते. मासळीवाली दारावरून ओरडत गेली की उठून उभं राहावंसं वाटतं.

"पयल्या वर्षी असंच व्हायचं. हे दवाखान्यात, आनि मी दिसातनं दहादा मनाला नाय म्हनायची. आता परत रोज नाय म्हनावं लागतंय." तिने डाळ पातेल्यात टाकली. "म्हंजे ते देनं चालू हाय. मधे बंद पडलेलं, मला कळलंच नाय."

तिने माझ्या मांडीवरचं एक साल उचलून टाकलं.

"पन परत असं करू नका, ताई. इतकं नाय म्हनायचं माझं वय नाय आता."

गेल्या आठवड्यात मी अलिबागच्या बाजूला गेले होते. वडखळच्या नाक्यावर एका हॉटेलने पाटी लावली आहे, श्रावण स्पेशल, व्हेज खिमा पाव. गाडी लाल दिव्याला थांबली होती, तो वास काचेतून आत आला आणि मी पदर नाकाला लावला. ड्रायव्हर म्हणाला, म्याडम, चांगला असतो, अगदी खऱ्यासारखा. सगळे हेच म्हणतात, अगदी खऱ्यासारखा, जणू ती त्याची तारीफ आहे. फणसाची भाजी कोणासारखी नसते. जनीची कंटोळी कंटोळ्यासारखी लागतात. वालाचं बिरडं श्रावणात घराघरांत शिजतं आणि त्याने कधी कोणाचं सोंग घेतलेलं नाही. ज्याला एक महिना नको म्हणवत नाही त्याने सरळ खावं. पण सोडल्याचं पुण्यही पाहिजे आणि तोंडात चवही पाहिजे, हे मला ओल्या पायपुसण्यासारखं वाटतं. उचलावंसं वाटत नाही.

ईशा, यात तुझ्यावर बोट नाही. तू प्राणी सोडलेस, चव सोडली नव्हतीस. तुझ्या टॅकोने तुझा शब्द मोडत नाही. वासंतीचा शब्द वेगळा होता, आणि माणसाने काय सोडलं आहे ते त्याच्या ताटाकडे बघून कळत नाही, विचारावं लागतं. मैत्रिणींना वाढण्याआधी विचार. सोयाला सोया म्हण, त्यात जिरं, मिरची, टोमॅटो घाल, लिंबू पिळ, आणि जसा लागेल तसा लागू दे. रशिदाच्या मसाल्याचं प्रमाण मी पाठवणार नाही. तू रागावशील, रागव.

काही गोष्टी गेल्या. वासंती आता श्रावणातही माझ्या घरी प्रत्येक पदार्थावर बोट ठेवून विचारते, ह्यात काय हाय, आणि मी एकेक जिन्नस सांगते, हळद आणि हिंगासकट. ती ऐकून घेते आणि मग पहिला घास उचलते. न विचारता जेवायचं तिचं एक घर होतं, ते माझ्यामुळे गेलं. ते परत यायचं नाही आणि मी त्याची वाटही बघत नाही.

बाकीचं आहे. ती मासळी खात नाही, मटण खात नाही, आणि मनाला रोज नाही म्हणते. श्रावणात गुरुवारी सकाळच्या गाडीने पेणला येते, रात्री माझ्याकडे राहते, आणि शुक्रवारची पूजा तिच्या हाताने होते.